घरचा चमचा

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन आई दोन वर्षं पुढं ढकलत होती. लेकराला ठेवायचं कुणाकडं? बीड जिल्ह्यातलं खेडं, बाप ऊसतोडीला गेलेला, आणि १७ किलोचं पोरगं आजीला उचलत नाही. मुलगा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्यानं हालचालींवर ताबा नसणं), शिवाय फिट येतात. पाच रात्रींसाठी तो आमच्या रेस्पाइट केंद्रात आला; घरच्यांना उसंत मिळावी म्हणून अशी मुलं आम्ही थोडे दिवस सांभाळतो.

मूल ठेवून घेण्याआधी आईनं एक जेवण आमच्यासमोर भरवायचं, हा आमचा नियम. कागदावर 'वरण-भाकरी' लिहून काहीच कळत नाही. तिनं ज्वारीची भाकरी वरणात गुठळी न राहता कुस्करली, त्याला ताठ बसवलं, हनुवटी जराशी खाली धरली, घास गिळेपर्यंत थांबली. "पातळ पाणी चालत नाय मॅडम, ठसका लागतो." जेवल्यावर अर्धा तास आडवं करत नाही, हेही तिनंच सांगितलं. यातलं एक अक्षर फाइलमध्ये नव्हतं. अन्न श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो.

मग औषध. चिठ्ठीवर फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट सिरप, दोन वेळा ५ मिली. "एक चमचा देते, कधी चुकवलं नाय." मी तो चमचा मागितला. पिशवीतून स्टीलचा, दांडा वाकलेला चहाचा चमचा निघाला. त्यात पाणी भरून सिरिंजनं ओढलं तर भरलं ३ मिली. या सिरपच्या ५ मिलीत २०० मिलीग्रॅम औषध, म्हणजे दर वेळी पोटात १२०च जात होतं. आठवड्याला दोन-तीन झटके येत, आणि ती माउली नशिबाला बोल लावत होती.

चिठ्ठीत आहे म्हणून त्याच रात्री ५ मिली देणं बरोबर नव्हतं. आधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ४ वर आणून, गुंगी किती येते ते बघून, तिसऱ्या दिवशी ५ करायला सांगितलं.

पाच रात्रींत एकच झटका आला, दोन मिनिटांचा. कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, वेळ मोजली. पाच मिनिटांवर गेला असता तर थेट दवाखाना गाठायचा होता.

आईला टाके होते, वजन उचलायला मनाई. म्हणून मुलाला सोलापुरी चादरीत घालून दोघींनी मिळून कसं उचलायचं, ते आजीला आणि चुलतीला शिकवलं. औषधाच्या मापावर ५ च्या रेघेला लाल नेलपॉलिश लावून दिलं, कारण आजीला आकडे वाचता येत नाहीत.