खुडणं, उपटणं, वेचणं

मी जळगावात भाषाविज्ञान शिकवते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत, एसटीत, पिठाच्या गिरणीवरसुद्धा एक प्रश्न ठरलेला असतो. "शब्दाचा अर्थ फोडून बघता म्हणे तुम्ही? अर्थ तर डोळ्यांना दिसत नाही, मग फोडता कसा?" दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होते आणि मग दिवसभर चुटपुट लागते. परवा पुन्हा कुणीतरी विचारलंत, म्हणून आज सविस्तर सांगते.

अमळनेरकडच्या आमच्या शेतात हरभरा असायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. थंडीत भाजीसाठी कोवळा हरभरा आणायला मोठ्या आईबरोबर गेले आणि घरातून विळा घेतला. तिने तो माझ्या हातातून काढून बांधावर ठेवला. म्हणाली, "कापू नको वं माय, खुड." मग अंगठ्याचं नख आणि पहिलं बोट यांच्यात शेंडा धरून तिने टुचकन मोडून दाखवला. हरभऱ्यावरची आंब बोटांना लागली होती. घरी येईपर्यंत मी बोटं चाटत होते. पुढे दोन महिन्यांनी त्याच वावरात तोच हरभरा बायका मुळासकट ओढत होत्या, आणि तेव्हा सगळे म्हणत होते, "हरभरा उपटायला काढला."

झाड एक, हात तेच, शब्द मात्र दोन. या दोन शब्दांत नेमकं काय वेगळं आहे ते शोधणं हेच आमचं काम. खुडण्यात हत्यार नसतं, बोटं असतात. जे निघतं ते कोवळं असतं, टोकाचं असतं. आणि झाड जागेवर राहतं. उपटण्यातही हत्यार लागत नाही, पण जोर लागतो आणि मूळ बाहेर येतं. या एकेका बारीक गोष्टीला आम्ही अर्थघटक म्हणतो.

हे मनाने ठरवायचं नसतं, वाक्यं करून पाहायचं असतं. "विळ्याने भाजी खुडली" असं कुणी म्हटलं की कान अडखळतो. "मुळासकट खुडली" तर बोलवतच नाही. कान जिथे अडखळला तिथे घटक सापडला. कधी आपलीच नोंद चुकते. उपटण्यापुढे मी बरीच वर्षं 'मूळ' असं लिहीत होते. मग एका विद्यार्थ्याने बैलाचा खुंटा उपटला जातो याची आठवण करून दिली. खुंट्याला कुठलं मूळ? तेव्हा 'मूळ' खोडून 'रुतलेला भाग' असं लिहिलं. कापूस वेचतात, गहू सोंगतात, भेंडी तोडतात; यातल्या 'वेचणे'त तर झाडच नाही, कारण तांदळातले खडेही आपण वेचतो. तिथे महत्त्व एकेक करून निवडण्याला आहे. "आयुष्य वेचलं" मधला 'वेचणे' मात्र खर्चण्याचा. दिसायला तोच, पण घटक एकही जुळत नाही. तो निराळा शब्दच धरावा लागतो.

ही कल्पना आधी ध्वनींच्या अभ्यासात पक्की झाली. 'पोट' आणि 'बोट' यांत फरक एवढाच की 'ब' म्हणताना गळा कंप पावतो, 'प' म्हणताना नाही. प्राग शहरातल्या भाषाअभ्यासकांच्या मंडळाने, विशेषतः त्यातल्या त्रुबेत्स्कोयने, ध्वनी असे गुणांत मोडून दाखवले. डेन्मार्कच्या येल्म्सलेव या भाषाअभ्यासकाने 1943 साली म्हटलं की अर्थाचेही असे भाग पाडता येतील. 1956 साली गुडइनफ आणि लाउन्सबरी या दोन अमेरिकन अभ्यासकांनी नात्यांचे शब्द असे सोडवले: पिढी कोणती, स्त्री की पुरुष, नातं कुणाकडून. आपल्याला हे लगेच पटतं. आईचा भाऊ मामा, बापाचा भाऊ काका; इंग्रजी 'अंकल'मध्ये 'कुणाकडून' हा घटकच नाही. माझी मोठी आई मोठी होती ती वडिलांच्या थोरल्या भावाची बायको म्हणून. धाकट्याची असती तर काकू झाली असती. अहिराणीत मुलगा आंडोर आणि मुलगी आंडेर. स्त्री-पुरुष हा अख्खा घटक एका स्वरावर तोललेला आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

1963 साली कॅट्झ आणि फोडर या अमेरिकन अभ्यासकांनी इंग्रजी 'बॅचलर' शब्द असाच उलगडला: अविवाहित पुरुष, पदवीधर, दुसऱ्या सरदाराच्या हाताखालचा तरुण सरदार, आणि विणीच्या हंगामात मादी न मिळालेला तरुण सील. त्यावर पुढे शंका निघाली की प्रौढ, पुरुष, अविवाहित हे तिन्ही घटक पोपना लागू आहेत, तरी त्यांना कुणी बॅचलर का म्हणत नाही? शंका खरी आहे. सगळा अर्थ घटकांत मावत नाही. आपल्याकडे भर्तृहरी या जुन्या व्याकरणकाराने तर वाक्यच अखंड मानलं आणि पदं सुटी करणं ही समजावण्यापुरती सोय ठरवली. तरीही ही सोय मी सोडणार नाही, कारण शब्द आणि जग यांतली सीमा तीच दाखवते. शेंडा खुडला की हरभऱ्याला जास्त फुटवे येतात. पण ते 'खुडणे' या शब्दात नाही, ते शेतकऱ्याच्या ज्ञानात आहे. झाड जागेवर राहतं, हे मात्र शब्दातच आहे.

हे मला पुस्तकात कळलं नाही. आमच्या गल्लीत एका घरातली चार वर्षांची पोर तापाने गेली. आम्ही बायका त्या आईजवळ बसलो होतो. मोठी आई तेव्हा खूप थकलेली होती, भिंतीला टेकून होती. ती एवढंच म्हणाली, "खुडून नेली." उपटून नेली असं ती म्हणाली नाही, कुणीच म्हणत नाही. रात्री मी वही काढली आणि खुडण्याचे घटक पुन्हा लिहिले: कोवळं, टोकाचं, बोटांनी, अलगद. शेवटच्या ओळीपाशी हात थांबला. झाड जागेवर राहतं. ती आई दुपारभर दाराच्या चौकटीला धरून उभी होती.