पातेल्यातले दोन अंश

घरी बिअर करायच्या तयार किटची बिअर म्हणजे कमअस्सल, असं म्हणणाऱ्यांचं फारसं मनावर घेऊ नये. मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) घट्ट अर्काचा १.७ किलोचा डबा, किलोभर साखर, २३ लिटरपर्यंत पाणी आणि झाकणाखालची यीस्टची पुडी, एवढ्यावर चांगली बिअर होते. पांचट लागली तर बहुतेक वेळा ती साखर भोवलेली असते. उग्र, फळकट वास आला तर यीस्ट २७-२८ अंशांवर तापलेलं असतं. साखरेच्या जागी सुकं मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट घाला, आंबवण १८ ते २० अंशांत ठेवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. हे हाताला बसल्याशिवाय अर्काऐवजी थेट धान्यापासून बिअर करण्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे. यीस्टचे लाड दोन्हीकडे सारखेच करावे लागतात.

धान्याकडे वळल्यावर मुख्यतः एक तास नवा येतो. डब्यातली साखर कोणीतरी आधीच काढून, आटवून ठेवलेली असते. इथे ती बार्लीच्या मॉल्टमधल्या स्टार्चपासून आपल्याला करून घ्यायची असते. काम मॉल्टमधलीच एन्झाइम्स करतात, आपण फक्त पाण्याचं तापमान सांभाळायचं. ६२ ते ६५ अंशांत एक एन्झाइम जोरात असतं आणि यीस्टला सहज पचणारी साखर देतं. बिअर हलकी, कोरडी होते. ६८-६९ ला ते लवकर दमतं, दुसरं पुढे होतं आणि न आंबणारा भाग जास्त शिल्लक राहतो. बिअर अंगाने भरदार लागते. ६६ हा मधला मार्ग. ७५ च्या पुढे गेलात तर दोघांचाही कारभार लवकरच आटोपतो, आणि मग पातेलं थंड करून ती परत येत नाहीत.

पाच लिटरच्या घाण्याला दहा लिटरचं पातेलं, त्यात ऐसपैस मावेल अशी जाळीदार कापडी पिशवी आणि भरवशाचा थर्मामीटर पुरतो. मॉल्ट १.२ किलो, पाणी साडेसात लिटर. धान्य साधारण २५ अंशांचं असेल तर पाणी ६९ ला आणून गॅस बंद करायचा. धान्य पडलं की तापमान ६६ च्या आसपास येतं. धान्य हळूहळू सोडत ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्यांच्या पोटात पीठ कोरडंच राहतं. ढवळल्याशिवाय थर्मामीटरवर विश्वास नको. वरच्या थरात ६३ आणि तळाशी ६८ असा प्रकार सर्रास असतो.

लहान पातेलं झपाट्याने निवतं, म्हणून झाकण लावून जाड पांघरुणात गुंडाळावं. तापमान घसरलंच तर खालून आच देण्याचा मोह आवरा. पिशवी तळाला चिकटून जळते. अर्धा लिटर उकळतं पाणी ओतून ढवळलं की दोनेक अंश चढतात. तेवढं पाणी पुढे जास्त उकळून उडवायचं, इतकंच. तासाभराने पिशवी उचलून खुशाल पिळा. पिळल्याने तुरटपणा येतो हा समज चिवट आहे, पण तुरटपणा येतो तो फार गरम आणि आम्लता कमी असलेल्या पाण्यात टरफलं राहिल्याने.

आता हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारं उपकरण. उकळीआधी साधारण १.०३८ दिसायला हवं. आकडा बराच कमी असेल तर आधी नमुना २० अंशांपर्यंत निववला होता का ते बघा. गरम वॉर्ट (धान्यातून निघालेलं गोड पाणी) नेहमी कमी दाखवतं. तिथे चूक नसेल तर संशय दळण्यावर घ्यावा. एकही दाणा अख्खा राहता कामा नये. पिशवीच्या पद्धतीत दळण थोडं बारीक असलेलं चालतं.

उकळी फुटताना मात्र दुधावर ठेवतो तसं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. फेस क्षणात बाहेर येतो. झाकण ठेवायचं नाही, उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेवाटे जायला हवा. पाच टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्यातूनच येतो) १० ग्रॅम हॉप्स, म्हणजे हॉपच्या वेलीची वाळवलेली फुलं, तासभर उकळले की पाच लिटरला साधारण २४ आयबीयूचा (कडवटपणाच्या मापाचं एकक) कडवटपणा येतो. इथे स्वयंपाकघरातला वजनकाटा उपयोगाचा नाही, ०.१ ग्रॅमचा हवा. तीन ग्रॅमची चूक २३ लिटरमध्ये लपते, पाचमध्ये जिभेवर येते. पाण्याचंही तेच. धान्य पिळूनही पाऊण-एक लिटर धरून ठेवतं, उकळीत दीडेक लिटर उडतं. ही वजाबाकी पातेल्यागणिक बदलते, म्हणून नुसतं पाणी तासभर उकळून किती उडालं ते एकदा मोजून ठेवावं.

लहान घाण्याचं सुख निववताना कळतं. बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवलं की तांब्याच्या वेटोळ्याशिवाय अर्ध्या तासात काम होतं. निवल्यावर वॉर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं. यीस्टच्या ११ ग्रॅमच्या पुडीतलं तीनेक ग्रॅम पुरे. आंबवण होत आलं की दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेलं हायड्रोमीटरचं माप बदललं नाही, तरच बाटलीत भरायचं आणि लिटरमागे सहा ग्रॅम साखर घालायची. घाई केली तर बाटल्या फुटतात.

३३० मिलीच्या डझनभर बाटल्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण पहिला घाणा जमला की तेच मॉल्ट, तेच हॉप्स, तेच यीस्ट घेऊन एक पातेलं ६४ ला आणि दुसरं ६९ ला लावून बघा. २३ लिटरचे दोन घाणे नुसत्या कुतूहलापोटी कोणी लावत नाही. पाच-पाच लिटरचे लावता येतात.