पोस्टिंगचं टेन्शन आणि वहीतलं १२०/८०

नर्सिंगच्या पोरापोरींना क्लिनिकल पोस्टिंगचं, म्हणजे शिकण्यासाठी वॉर्डात लागणाऱ्या ड्यूटीचं, टेन्शन येतं म्हटलं की लगेच कोणीतरी योगा आणि पॉझिटिव्ह थिंकिंगचं लेक्चर ठेवतं. ठेवा, वाईट काही नाही, पण निम्मं टेन्शन वॉर्डात आपण शिकवणारेच तयार करतो त्याचं काय?

साधं बीपी घ्या. स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सगळं जमलेलं असतं, इथे दंडाला कफ (बीपीचा पट्टा) बांधलाय, बाजूला नातेवाईक बोलतायत, मागे सिस्टर घाईत उभ्या, आणि स्टेथोमधून काही म्हणजे काहीच ऐकू येत नाहीये. मग वहीत काय पडतं? १२०/८०, पुस्तकातलं नॉर्मल बीपी. (अख्ख्या वॉर्डाचं बीपी १२०/८० दिसलं की समजून जायचं.) पोरगी खोटारडी नसते हो, "सिस्टर, ऐकू नाही आलं" एवढं म्हणायची तिची छाती होत नाही, कारण गेल्या वेळी पेशंटसमोरच "एवढंही येत नाही का" ऐकलेलं असतं. तेच तिला बिनधास्त बोलता आलं तर कफमधली सगळी हवा सोडायची, मिनिटभर थांबायचं, परत घ्यायचं, विषय संपला.

धाक घातला की शिकतात म्हणणाऱ्यांसाठी, यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच उंदरांवर प्रयोग करून दाखवलंय की काम अवघड असेल तर शॉक जोरात दिल्यावर शिकणं उलट मंदावतं. आणि पहिली आयव्ही लावणं, म्हणजे सलाइनसाठी शिरेत सुई घालणं, अवघडच असतं ना!

मी काय करते, तर ड्यूटी सुरू होताना दहा मिनिटं घेते. तुझा पेशंट कोणता, एकटीने काय करायचं, कशाला माझ्याशिवाय हात लावायचा नाही, मी नसले तर कोणाला विचारायचं. चुकलं तर सांगणं बाजूला नेऊन. हँडओव्हरला, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्यांना देताना, गडबडतात म्हणून चिठ्ठीवर चार ओळी लिहायला लावते, आत्ता काय चाललंय, आधीचं काय, तुला काय वाटतं, पुढे काय हवं.

पहिला मृत्यू बघितलेल्या स्टुडंटला मात्र लगेच पुढच्या बेडवर पिटाळू नका, तिला बसवा, बोलू द्या, रडली तर रडू द्या, केस स्टडी उद्या लिहील.

आणि झोप नाही, जेवण जात नाही, वॉर्डाच्या नुसत्या विचाराने मळमळतंय असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर कौन्सेलरकडे न्या. न्या म्हणतेय, नुसतं "जाऊन ये गं" म्हटलं की कोणी जात नाही.