भीती चुकीच्या कुंडीची

मुंबईच्या घरात बाग म्हणजे खिडकीची ग्रिल, आणि चार दिवस पाणी घालायला विसरले तरी न रुसणारी झाडे म्हणून पानांत-खोडांत पाणी साठवणाऱ्या सक्युलंटने तिथे बस्तान मांडले आहे. त्याच घरात कुत्रे असले की घरच्यांचा सारा धाक काटेरी निवडुंगाचा असतो, आणि मला तो बराचसा वाया गेलेला वाटतो. नाकाला एकदा काटा टोचला की आमची कुत्री गोटी त्या कुंडीला वळसा घालते. मांसल, गुळगुळीत पानापासून तिला सावध करणारे मात्र काहीच नसते.

कोरफडीचेच पाहा. तिच्या सालीखालचा पिवळा, कडू चीक वाळवला की काळाबोळ होतो, आणि तो रेचक असल्याचे जुन्या घरांत सर्वांना ठाऊक असे. कुत्र्याने पान चावले तर उलट्या आणि जुलाब त्याच्यामुळेच होतात. पानफुटी आणि तिच्याच जातकुळीतला, फुलांच्या गुच्छांसाठी घेतला जाणारा कलांचो यांचे प्रकरण अधिक गंभीर, कारण त्यांतील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. फुगीर बुंध्याचा अडेनियमही त्याच माळेतला. शेर नावाच्या झाडाच्या पांढऱ्या चिकाने तोंडाची आणि डोळ्यांची आग होते. जेडच्या बाबतीत तर नर्सरीतच घोळ असतो, कारण त्या एकाच नावाने दोन झाडे विकली जातात: मोठ्या, जाड पानांच्या क्रासुलाने कुत्र्याला उलट्या होतात आणि त्याचा तोलही जाऊ शकतो, बारीक गोल पानांचे, लालसर फांद्यांचे पोर्टुलॅकेरिया मात्र दक्षिण आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात आणि कुत्र्यांनाही ते बाधत नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. जुलैच्या झडीत कुंड्या ग्रिलवरून आत येतात, फिरणे बुडाल्याने कंटाळलेले कुत्रेही आतच असते, आणि ओल जास्त झाली की सक्युलंटची टपोरी पाने टपाटप गळतात. उंच फळीवर ठेवलेल्या झाडाचे पान शेवटी फरशीवरच पडते, म्हणून फळीपेक्षा केरसुणीवर माझा अधिक विश्वास आहे. जमिनीवर ठेवायचीच असतील तर हॉवर्थिया आणि एचेव्हेरिया ही निरुपद्रवी झाडे ठेवावीत.

पानांइतकेच लक्ष मातीकडेही द्यायला हवे, आणि तिथे फारसे कोणी पाहत नाही. खत म्हणून घातलेल्या हाडांच्या चुऱ्याचा वास कुत्र्याला कुंडी उकरायला लावतो; त्यात एरंडीची पेंड मिसळलेली असेल, तर ती वर सांगितलेल्या बहुतेक पानांहून घातक आहे, कारण एरंडीतले रिसिन हे विष जिवावर बेतू शकते. कुत्र्याच्या घरात ही पेंड आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही काही पोटात गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय टाळावा, कारण जास्त मीठही कुत्र्याला विषासारखेच बाधते. तोंड ओल्या फडक्याने पुसावे, चावलेले पान किंवा खताचे पाकीट पिशवीत घालावे आणि परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय किंवा जवळचा पशुवैद्य गाठावा. तिथे ‘कसले तरी हिरवे झाड होते’ एवढ्या माहितीवर कोणाला काही ठरवता येत नाही. पान समोर ठेवले की पोट सांभाळायचे की हृदयाकडे लक्ष द्यायचे, हे डॉक्टरांना लवकर कळते.