अनलॉक्ड फोन आणि आईचा न लागणारा कॉल

गेल्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा आईसाठी नवा फोन घेऊन आला. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून अभियंता होऊन तिकडे गेलेला हा मुलगा दर खेपेला काही ना काही आणतोच, आणि या वेळी त्याने आईचा जुना फोन हँग होतो ही तक्रार लक्षात ठेवून पुष्कळ पैसे खर्च केले होते. “फोन अनलॉक्ड आहे, कुठलेही सिम कार्ड घाल, चालेल,” असे त्याने सांगितले आणि त्यात खोटे काहीच नव्हते. कार्ड चालले. आई त्यावर व्हॉट्सअ‍ॅप पाहू लागली, नातीशी व्हिडिओवर बोलू लागली, संध्याकाळी कीर्तने ऐकू लागली. भाऊ परत गेला त्याच आठवड्यात शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, “अगं, तुझ्या आईचा फोन दोन दिवस बंद लागतोय.”

फोन बंद नव्हता. तो आईच्या हातातच होता. मी तो घेऊन माझ्या नंबरवर कॉल लावून पाहिला. वरच्या पट्टीतील ‘4जी’ ही अक्षरे नाहीशी झाली, तीन-चार सेकंद पडदा तसाच राहिला आणि कॉल आपोआप तुटला. पाठोपाठ ‘4जी’ परत आले आणि इंटरनेट पूर्ववत सुरू झाले. आम्ही घरातील सगळे एकमेकांशी व्हॉट्सअ‍ॅपवरच बोलत असल्यामुळे साधा कॉल लागत नाही हे इतके दिवस कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. औषधांच्या दुकानदाराचा फोन येत नव्हता, गॅसचा नंबर लावता येत नव्हता आणि यूपीआयची नोंदणीही होत नव्हती. कारण त्या नोंदणीसाठी फोन स्वतःहून एक एसएमएस बँकेकडे पाठवतो आणि तो एसएमएसही जात नव्हता. तेच कार्ड जुन्या फोनमध्ये घातले की सगळे सुरळीत चालत होते, म्हणजे कार्डात दोष नव्हता.

आई सांगलीच्या गावभागात, म्हणजे नदीजवळच्या जुन्या वस्तीत, राहते. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर गेले की धोका, हे आकडे सांगलीत लहान मुलालाही पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमधला महापूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना, वयस्कर माणसाच्या फोनवरून साधा कॉल लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्यामुळे दिवाळीनंतर थंडी पडली असली, तरी मला ही गोष्ट पुढे ढकलायची नव्हती.

मी फोन घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. काउंटरवरच्या मुलाने पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, हे मॉडेल इंडियात येतच नाही.” पैसे घेऊन तरी पाहा, असे मी म्हणाले, तर तेही शक्य नव्हते, कारण त्या मॉडेलचे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर त्यांच्याकडे येत नाहीत आणि संगणकावर त्या नंबरची नोंदच उघडत नाही. त्या मुलाशी मी वाद घातला नाही. तो त्याच्या अधिकारात जेवढे होते तेवढे सांगत होता. भावाने तिकडच्या कंपनीशी संपर्क साधला, तेव्हा उत्तर मिळाले की फोन ज्या देशात विकला त्या देशातच वॉरंटी लागू होते. पोस्टाने पाठवून दुरुस्त करावा, असा तो दोषही नव्हता. फोन अमेरिकेत पोहोचताच त्यांच्या दृष्टीने तो पूर्णपणे निर्दोष ठरला असता.

शेवटी बसस्थानकाच्या मागच्या बाजूला असलेल्या एका दुरुस्तीवाल्याने हा गुंता मला समजावून दिला. त्याने आधी खोके मागितले. सुदैवाने आई कुठलेही खोके फेकत नाही. खोक्याच्या तळाशी बारकोडखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला मॉडेल नंबर त्याने डोळ्याला भिंग लावून वाचला आणि वहीत लिहून घेतला. मग फोनच्या डायलपॅडवर त्याने *#*#4636#*#* असे दाबले, तेव्हा एक आडबाजूचे पान उघडले आणि त्यात आयएमएस (4जीवरून कॉल चालवणारी यंत्रणा) नावाच्या ओळीपुढे ‘नोंदणी नाही’ आणि त्याखाली ‘4जीवरील आवाज उपलब्ध नाही’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळी दिसल्या. त्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, “ताई, कुलूप उघडलंय, पण दार आपल्या बाजूला उघडत नाही.”

त्याचे म्हणणे असे. अनलॉक्ड याचा अर्थ एवढाच की, फोन विकणाऱ्या मोबाइल कंपनीने दुसऱ्या कंपनीचे कार्ड चालू नये म्हणून घातलेली अडवणूक त्या फोनवर नाही. तो फोन आपल्याकडच्या लहरी पकडतो की नाही, हा दुसरा प्रश्न आहे. भारतात 4जीसाठी 850, 1800 आणि 2300 मेगाहर्ट्झ यांसारखे पट्टे वापरले जातात. यांपैकी 2300 चा पट्टा, ज्याला बँड 40 म्हणतात, तो अमेरिकेत फोनसाठी वापरला जात नसल्यामुळे तिकडच्या काही मॉडेलांमध्ये तो दिलेलाच नसतो. असा फोन इकडे चालतो, परंतु जिथे शेजारच्या फोनला भरपूर रेंज असते तिथे याची रेंज जाते.

आईच्या फोनची अडचण तिसरीच होती. 4जी मुळात इंटरनेटसाठी बांधलेले जाळे आहे. त्यावरून आवाज पाठवण्याची सोय वेगळी करावी लागते आणि तिला व्हीओएलटीई, दुकानदारांच्या भाषेत व्होल्टी, म्हणतात. ही सोय सुरू होण्यासाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या-त्या मोबाइल कंपनीची मांडणी, म्हणजे सेटिंग, आधीपासून भरलेली असावी लागते. अमेरिकेसाठी तयार केलेल्या या मॉडेलमध्ये अमेरिकेतील कंपन्या भरलेल्या होत्या, भारतातील नव्हत्या. पूर्वी अशा वेळी कॉल गुपचूप 3जी किंवा 2जीवर उतरत असे आणि ग्राहकाला काही कळतही नसे. आता ती खालची पायरी सगळीकडे उरलेली नाही. जिओचे जाळे 2016 मध्ये सुरू झाले तेच थेट 4जीवर, त्यामुळे तिथे 2जी-3जी कधी नव्हतेच. एअरटेलने 3जी बंद केले आणि 2जी ठेवले. म्हणजे एकच फोन एका कार्डावर मुका आणि दुसऱ्या कार्डावर बोलका असू शकतो, आणि दोन्ही वेळा तो अनलॉक्डच असतो.

हे ऐकल्यावर मला खरोखर वाईट वाटले ते एका गोष्टीचे. फोन बनवणाऱ्या कंपनीला हे सगळे ठाऊक असते. कोणत्या मॉडेलमध्ये कोणत्या देशाची मांडणी भरली आहे, याची यादी तिच्याकडेच असते. तरीही खोक्यावर ‘अनलॉक्ड’ हा शब्द ठळक छापला जातो आणि ‘या फोनवरून अमुक देशांत कॉल लागणार नाहीत’ हे वाक्य कुठेही आढळत नाही. परदेशात राहणारी लाखो मुले आपल्या आईवडिलांसाठी फोन घेऊन जातात, हे काही गुपित नाही. मॉडेल कुठलेही असो, निदान सॉफ्टवेअरबाबतची मदत आणि पैसे घेऊन होणारी दुरुस्ती त्याच कंपनीच्या इथल्या सर्व्हिस सेंटरमध्ये मिळाली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या देशाचे सॉफ्टवेअर फोनमध्ये भरून देणारे लोक असतात. ते काम आमच्या दुरुस्तीवाल्याने नाकारले, कारण त्यानंतर बँकेची अ‍ॅप चालेनाशी होण्याची आणि फोन कायमचा बंद पडण्याचीही शक्यता असते. त्याने आपल्याकडचे 2जीवाले एक कार्ड घालून पाहिले आणि कॉल लागला. त्यावरून आम्ही आईचा नंबर त्या कंपनीकडे नेण्याचे ठरवले. जुन्या कार्डावरून ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, पुढे मोकळी जागा सोडून 10 आकडी नंबर 1900 वर पाठवायचा, मग 8 अक्षरांचा कोड येतो. अर्थात हा एसएमएस जुन्या फोनमधून पाठवावा लागला. नंबर तोच राहिला. आता कॉल येतात-जातात, यूपीआयही सुरू झाले. मात्र कॉल चालू असेपर्यंत इंटरनेट थांबते आणि आवाज थोडा जुन्या काळचा येतो. आईची त्याला हरकत नाही.

या निमित्ताने इतरांचेही अनुभव कळले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला 2022 च्या आयफोन 14 पासून कार्ड घालायची खाचच नाही, आणि 2025 च्या आयफोन 17 पासून आखाती देशांतही तेच झाले आहे. ई-सिम, म्हणजे वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारे सिम, आपल्याकडे मिळते, त्यामुळे असा फोन चालतो. पण फोन पडून फुटला तर कार्ड काढून जुन्या फोनमध्ये घालण्याची सोय संपते, आणि वयस्कर माणसाच्या बाबतीत ही सोय फार मोठी असते. सॅमसंगच्या काही फोनच्या खोक्यावर, तो प्रथम त्याच भूभागातील कार्डावर सुरू करावा, अशी चिठ्ठी असते. तिकडच्या कार्डावरून पाच मिनिटांचा कॉल आधी केला नाही, तर इकडचे कार्ड तो घेत नाही. भाऊबंद विमानात बसण्यापूर्वीच हे काम उरकले पाहिजे. कॅनडात डिसेंबर 2017 पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून कुलूपबंद फोन विकण्यास मनाई आहे, त्यामुळे तिथून येणाऱ्या नव्या फोनला निदान ती भीती नाही. हप्त्यांवर घेतलेला अमेरिकी फोन मात्र हप्ते फिटल्याशिवाय आणू नये. कार्डाखाली पातळ चिप सरकवून कुलूप चुकवलेले आयफोन स्वस्तात मिळतात, ते तर घेऊच नयेत. एखाद्या अपडेटनंतर ते पुन्हा बंद होतात. कोणाकडून वापरलेला फोन घेणार असाल, तर इंग्रजीत केवायएम लिहून पुढे आयएमईआय नंबर टाकून 14422 वर एसएमएस पाठवा. फोनची माहिती आणि तो काळ्या यादीत आहे का, हे कळते.

उलट दिशेनेही हीच अडचण येते. ऑस्ट्रेलियात 2024 च्या अखेरीस 3जी बंद झाले आणि जो फोन तिथल्या 000 या आपत्कालीन नंबरवर कॉल लावू शकत नाही, त्याला जाळ्यावर घ्यायचेच नाही असा नियम झाला. तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांनी इथून नवा फोन घेण्यापूर्वी हे तपासावे. त्या सरकारने निदान प्रश्न ओळखला आणि त्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, हे मला योग्य वाटले.

मागच्या आठवड्यात दुबईहून आतेभावाचा निरोप आला की तो आत्यासाठी फोन घेत आहे. मी त्याला पैसे देण्याआधी खोक्याच्या तळाचा फोटो पाठवायला सांगितले. फोटो मोठा करून मॉडेल नंबर वाचला, आणि त्यात कार्डाची खाच नाही, आत्याला ई-सिम झेपेल का ते आधी तिलाच विचार, असे त्याला कळवले. त्याने विचारले. आत्या म्हणाली, जुना फोन चांगला आहे, फक्त त्याची बॅटरी बदलून द्या. ती आम्ही त्याच दुरुस्तीवाल्याकडून शनिवारी बदलून आणली.