सैतानाचं लॅटिन आणि टीवायचा वर्ग

दुपारच्या लेक्चरला आमच्या टीवायची अर्धी पोरं पेंगत असतात, म्हणून परवा हजेरी झाल्यावर काही न सांगता उभी राहिले, हात वर केला आणि एकदम खर्जातल्या आवाजात 'आर्मा विरुमक्वे कानो' म्हटलं. वर्ग चिडीचूप. मागून एकजण म्हणतो, "मॅडम, कुणाचं भूत उतरवताय?"

म्हटलं बरोब्बर! १५९८ च्या सुमारास फ्रान्समधे आंजेच्या बिशपने हेच केलं होतं. मार्त ब्रोसिए नावाची पोरगी, अंगात सैतान शिरलाय म्हणून बाप तिला गावोगाव फिरवत होता, आणि बिशपने मंत्र म्हणून वाचली ती रोमन कवी व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्याची पहिली ओळ, येशूच्या आधीची, तरी बाई गडाबडा लोळायला लागली. तीर्थ म्हणून साधं पाणी दिलं तरी तेच, आणि खरं तीर्थ गुपचूप दिलं तर ढिम्म!

पोरं जाम खूश. पण मार्त पुढे १५९९ मधे पॅरिसला पोचली आणि तिच्यातला सैतान बोलू लागला की प्रॉटेस्टंट सगळे माझेच. फ्रान्सचा राजा चौथ्या हेन्रीने नुकतेच त्यांना हक्क दिलेले, त्याला हा तमाशा परवडणारच नव्हता, मग डॉक्टरांकडून तपासणी, कोर्टाचा हुकूम आणि मार्तची रवानगी घरी.

पहिल्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द नाही, म्हणाली, "आणि राजाच्या माणसांनाच सैतान हवा असता तर?"

झालं, पोर्शन बाजूला ठेवून फ्रान्समधल्याच लुदाँ गावचं प्रकरण काढलं. तिथल्या मठातल्या नन्सच्या अंगात आलं, चेटूक केल्याचा आळ आला ग्रांदिए नावाच्या पाद्रीवर, जो त्या मठात कधी फिरकलाही नसावा. नन्सच्या तोंडून बोलणाऱ्या सैतानांचं लॅटिन व्याकरण इतकं कच्चं की बघणाऱ्यांनी तेव्हाच चुका काढल्या. आर्चबिशपने डॉक्टर पाठवला, नन्सना वेगवेगळं ठेवायला सांगितलं तर सगळं शांत. म्हणजे पुरावा इथेही होताच की! पण मग तेव्हाचा राजा तेराव्या लुईचा मुख्य मंत्री रिशेल्यू, त्याचा माणूस लोबार्दमाँ आला, खास न्यायाधीश बसवले, वरच्या कोर्टात अपीलच नाही. १८ ऑगस्ट १६३४ ला ग्रांदिएला जाळलं, त्याआधी पाय चिरडले, त्याने गुन्हा कबूल केला नाही तो नाहीच.

आणि नन्सच्या अंगातले सैतान त्यानंतरही दोन-तीन वर्षं गेले नाहीत, १६३५ ला तर राजाचा सख्खा भाऊ बघायला आला होता.

"मग त्याला जाळला कशाला?" मागचा ओरडला, आता पुरता जागा.