उतार

१२ जून, गुरुवार

आज पुन्हा तेच. यवतेश्वरचा घाट चढताना काही नाही, दम लागला तेवढाच. वरून वळले, उतरायला लागले आणि जरा पुढे आल्यावर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दाभण टोचलं. दुखणं घड्याळ लावून येतं, एकूण सहावा किलोमीटर आला की हजर. थांबलं की गायब. त्यामुळे घरी कुणाला खरंच वाटत नाही.

जिना चढून आले तेव्हा आईने काही पाहिलं नाही. उतरताना मात्र कठडा धरला आणि सापडले. "म्हटलं होतं ना, पळून पळून गुडघे झिजतील." तिचे स्वतःचे न पळताच झिजलेत. हे तोंडावर आलं होतं, गिळलं.

सातारा हिल मॅरेथॉनचे पैसे भरून बसले आहे. ती शर्यत म्हणजे घाट चढायचा आणि तोच उतरायचा. चढ कुणीही पूर्ण करेल; उतार, गुडघा असला तर.

१७ जून, मंगळवार

मार्चमध्ये एका ठिकाणी दहा दिवस शेक, मुंग्या आणणारं मशीन, गार जेलीवाला अल्ट्रासाऊंड सगळं करून घेतलं होतं. दोन तास बरं वाटायचं. दहा दिवसांत माझा पाय कुणी हलवून पाहिला नाही, याचा राग मला आज आला. कारण आज ज्या फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले, तिने तासभर दुसरं काही केलंच नाही.

वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. मला ताई म्हणावं की काकू, यात क्षणभर अडखळली आणि ताईवर आली, तिथेच माझं मत चांगलं झालं. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर अंगठा दाबून तिने पाय हळूहळू सरळ करायला लावला. एका ठरावीक वाकावर मी ओरडले. "तीस अंश," ती म्हणाली, जणू भाजीचा भाव सांगत होती.

मग स्टुलावर एका पायावर उभं करून दुसरी टाच जमिनीला टेकवायला लावली आणि मोबाईलवर चित्रण दाखवलं. डावा पाय ठीक. उजव्यावर उभी राहिले की कंबर डावीकडे कलते आणि गुडघा आत पडतो. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, तर डावा वीस वेळा, उजवा अकरा वेळा आणि बाराव्याला थरथर. दुखतोय गुडघा, दमलाय खुबा. इतकी वर्षं पळते आहे आणि हे मला ठाऊक नव्हतं.

दुखणं आयटी बँडचं. तो म्हणजे कमरेपासून मांडीच्या बाहेरून येऊन गुडघ्याखाली नडगीला चिकटणारा जाड पट्टा. तो हाडावर घासतो असं मी व्हिडिओंमध्ये ऐकलं होतं. ती म्हणाली, पूर्वी तसंच शिकवायचे. पण पट्टा मांडीच्या हाडाला खालपर्यंत बांधलेला असतो, मग सरकणार कुठे? गुडघा तीसेक अंश वाकला की पट्ट्याखालची चरबीची मऊ गादी दाबली जाते, तिथे नसा भरपूर, म्हणून कळ. म्हणजे फोमच्या गोल रोलरवर लोळून मी जो पट्टा 'मोकळा' करत होते, तो लोळण्याने ताणला जाणाराच नव्हता. रोलर आता दाराला अडसर म्हणून ठेवला आहे.

खरी चपराक पुढे होती. "उतारावर कशा पळता?" जपून, म्हटलं. लांब पाऊल टाकून, टाचेवर ब्रेक लावत, सावकाश. ती हसली. असं उतरताना गुडघा त्याच तीस अंशांपाशी जास्त वेळ राहतो. सपाटीवर जरा वेगाने पळणं त्या मानाने सोसतं. तीन महिने मी गुडघ्याला जपत होते म्हणजे नेमकी दुखऱ्या जागी रेंगाळत होते.

तीन आठवडे उतार बंद. सपाटीवर चारच किलोमीटर, दुखणं सुरू व्हायच्या आत थांबायचं. पावलं लहान, मिनिटाला १५८ ऐवजी १६८. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उरता कामा नये. एमआरआय आत्ता नको.

२९ जून, रविवार

फिजिओथेरपिस्ट दोन दिवस नव्हती. माऊलींची पालखी लोणंदला होती, तिथे वारकऱ्यांचे पाय बघायला गेली होती. सत्तरीच्या एका आजींचा गुडघा टम्म सुजलेला; आजींनी नाव, गाव, औषध काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं, "उद्या तरडगावपर्यंत जाईन ना?" मी पहिल्याच दिवशी शर्यतीची तारीख विचारत बसले होते, ते आठवून गप्प बसले.

झिजेचं विचारलं. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज झाली होती. हौशीने पळणाऱ्यांत खुब्या-गुडघ्यांची झीज ३.५ टक्के, बसून राहणाऱ्यांत १०.२. आईला हे दोन्ही आकडे ऐकवले. जे स्पर्धेसाठीच पळतात त्यांचा १३.३ आहे, तो नाही ऐकवला.

१३ जुलै, रविवार

व्यायाम कंटाळवाणा आहे, कुणी काही म्हणो. कुशीवर पाय, रबरी पट्टा बांधून गुडघे उघडणं, पायरीवरून टाच. बारा-बारा, तीनदा, एक दिवस आड.

आईच्या कपाटात तिचा जुना कागद सापडला. २०१९ मध्ये हाडाच्या डॉक्टरांनी दिलेला: टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची. चार दिवस करून सोडलेला. तेव्हा मी ऑफिसातून फोन करून "केलंस का?" एवढंच विचारायचे. शेजारी कधी बसले नव्हते.

आता दोघी संध्याकाळी एकाच सतरंजीवर. ती टॉवेल दाबते आणि माझं मोजते. अकरानंतर पुन्हा नऊ म्हणते.

२ ऑगस्ट, शनिवार

धुकं इतकं की पुढच्या वळणावरची एसटी आधी ऐकू आली, मग दिसली. आज पहिल्यांदा तीन किलोमीटर उतार. लहान पावलं, ब्रेक नाही; भीती वाटते, पाय आपल्याआधी निघून जातील अशी. सहावा किलोमीटर आला. कान गुडघ्याकडे. दाभण नाही, पण तिथे कुणीतरी बोट ठेवून उभं आहे इतपत होतं.

घरी आईने दारातच विचारलं, "किती?"

"दोन."

"दहापैकी?"

"हो."

"मग चहा नंतर. आधी बारा काढ."